एका वाक्याची भूमिका

बावीस वर्षांच्या अभिनयात मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी दोनदा प्रेत झालो आणि एकदा हवालदार. प्रेत जास्त जमलं, असं लोक म्हणाले. लहानपणी नाशिकला टीव्हीवर जुने अमेरिकन सिनेमे लागत. त्यांत नायकाच्या मागे गप्प उभा राहणारा एक नट मला फार आवडायचा. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. मीही तेवढीच प्रसिद्धी मिळवली.

पोटापाण्यासाठी मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. रमजानात दाखवायच्या अरबी मालिकांना गर्दी म्हणून भारतीय चेहरे लागतात. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जायचो. कधी विमानतळावर बॅग ओढली, कधी ऑक्सिजनचा मास्क लावून पडून राहिलो. माझी बायको शामला नर्स आहे. ती प्रत्येक वेळी टीव्हीपुढे बसून मला शोधायची आणि म्हणायची, "अहो, तो बघा, तुमचा कान दिसला!"

गेल्या हिवाळ्यात मला वाक्य मिळालं. डॉक्टरच्या मदतनिसाची भूमिका. म्हणायचं एवढंच, "दक्तूर, अल्मरीद जाहिज." म्हणजे, डॉक्टर, पेशंट तयार आहे. मी ते आंघोळ करताना म्हटलं, बसमध्ये म्हटलं, आणि आम्ही राहतो त्या सालमियातल्या निम्म्या मराठी घरांना मालिका बघायला आणि जेवायला आमंत्रण देऊन मोकळा झालो.

शूटिंगला डॉक्टर झालेल्या नायकाने छातीची एक्स-रे फिल्म दिव्यासमोर लावली, ती उलटी. पेशंटचं हृदय उजवीकडे गेलं. माझा हात आपोआप पुढे झाला, फिल्म काढून सरळ लावली, आणि वाक्य राहूनच गेलं. "कट!" दुसऱ्यांदा त्याने पुन्हा उलटीच लावली. मी हात मागे बांधून उभा होतो, तरी ते सुटले. दिग्दर्शकाने मला खुर्ची दाखवली आणि अम्गराच्या गोदामातून सेटचं सामान घेऊन आलेल्या सर्फराज ड्रायव्हरला पांढरा कोट चढवला. या वेळी फिल्म दिव्यावर होती तशीच राहू दिली, आणि सर्फराजने पहिल्याच झटक्यात वाक्य खणखणीत म्हटलं.

घरी सांगायची हिंमत झाली नाही. महिनाभर मी लोकांची अभिनंदनं हसून घेत राहिलो. तो माझा आजवरचा सर्वोत्तम अभिनय.

मालिका लागली त्या संध्याकाळी आमच्याकडे चौदा माणसं होती. शामलाने रजा काढून वडे तळले होते. दृश्य आलं. पांढरा कोट पुढे झाला आणि सर्फराज बोलला.

वडे खाणारे हात थांबले. "बाबा, बट व्हेअर आर यू?" माझी मुलगी अक्षरा म्हणाली. शेजारचा जयदीप खोटंच खोकला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

शामला मात्र अजून टीव्हीकडेच बघत होती. नायकामागे दिव्यावर फिल्म दिसत होती, मी शेवटची लावली होती तशीच.

"अहो, एक्स-रे चक्क सरळ लावलाय," ती म्हणाली. "तुम्हीच ना?"

लाज आणि आनंद एकदमच आले, डोळे भरले. मी नुसती मान हलवली.