बंगळूरच्या बसची तालीम

बसचा प्रवास बसमध्ये बसल्यावर सुरू होतो, असा ज्यांचा समज आहे त्यांनी आमच्या व्याह्यांना एकदा भेटून यावं. माझ्या मुलीचे सासरे म्हणजे प्रवासाची एवढी तयारी करणारा अख्ख्या मराठवाड्यातला एकमेव माणूस, हे मी छातीठोकपणे सांगतो. नुसतं पैठणला जायचं म्हटलं तरी हा गृहस्थ आठवडाभर आधीपासून पाणी पिण्याच्या वेळा बदलतो. गाडी जिथं थांबेल तिथंच शरीराने थांबा मागावा, मधेच कुठं मागू नये, ही त्यांची शिस्त. वाळूजच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले. गावाकडे थोडी शेती आहे, पुंडलिकनगरात स्वतः उभं राहून बांधलेलं घर आहे, कशाला काही कमी नाही. पण प्रवासात खिशातून जास्तीचा पैसा गेला की तो प्रवास फुकट गेला असं त्यांना वाटतं. पाण्याची बाटली विकत घेणं हा तर त्यांच्या लेखी घराण्याला लागलेला बट्टाच. बॅग भरून झाली की ते ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर चढवतात. दुकानदार बिचारा गिऱ्हाईक थांबवून ती उतरवायला मदत करतो, कारण नाही म्हणून काही उपयोग होत नाही हे त्याला एव्हाना कळलं आहे.

आता माझं सांगतो. मी हायस्कुलात भूगोल शिकवला. फळ्यावर घाट असे काढायचो की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा मान वर करायचं. पण खरी गोष्ट अशी की मला गाडी लागते. स्कूटर स्वतः चालवली तर काही होत नाही, मात्र दुसऱ्या कुणी चालवलेल्या चारचाकीत बसलो की पडेगावच्या माझ्या घरापासून दौलताबादचा किल्ला दिसेपर्यंत माझ्या पोटात तुंबळ युद्ध सुरू झालेलं असतं. ही गोष्ट मी व्याह्यांपासून लपवली होती. मुलीच्या बापाने तिच्या सासरच्यांपुढे कसं भारदस्त दिसावं याच्या माझ्या काही कल्पना होत्या आणि खिडकीतून मान बाहेर काढून ओकणारा बाप त्यात बसत नव्हता. सोयरीक ठरली तेव्हा त्यांचं शेत बघायला सगळे जीपमधून गेले. मी जीपमागे स्कूटरवर, तोंडात धूळ घेत गेलो आणि मला मोकळ्या हवेची फार आवड असल्याचं उतरल्यावर जाहीर केलं. पुढं प्रत्येक लग्नकार्याला कधी मुतखडा, कधी गुडघा, कधी पाहुणा आडवा आणत मी वेळ निभावून नेली.

मग बंगळूरला आम्हाला नात झाली. माझी बायको बाळंतपणासाठी आधीच रेल्वेने तिकडे गेली होती. बारशाचा दिवस ठरला तेव्हा रेल्वेचं आरक्षण वेटिंगवर लोंबकळत होतं. जावई म्हणाले, मी तुम्हा तिघांची विमानाची तिकिटं काढतो. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर व्याह्यांनी माझ्या वतीने नकार देऊनही टाकला. फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पोराच्या पैशानं बारशाला जायचं व्हय, पाव्हणं? आपण बसनं जाऊ. आपल्या पैशानं, ऐटीत." मी मान डोलावली. नातीचं तोंड बघायला मी गुडघ्यांवर रांगतसुद्धा बंगळूरला गेलो असतो, पण व्याह्यांच्या शेजारी बसून एवढा लांबचा प्रवास म्हणजे माझा सगळा भारदस्तपणा पिशवीत उतरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. आधी आम्ही स्टँडजवळचं प्रत्येक ट्रॅव्हल्सचं ऑफिस पालथं घातलं. व्याही कुठंच आधी भाडं विचारत नसत. आधी गाडी दाखवा म्हणत. मग एकेका सीटवर बसून, डोळे मिटून, हलक्या हाताने चाचपून बघत. झोपायच्या गाडीचा विषयच नव्हता, कारण झोप आपण आपली घेतो, तिचे पैसे दुसऱ्याला कशाला, असा त्यांचा सवाल होता. शेवटी त्यांनी पुढच्या बाजूची, चाकांपासून लांब असलेली दोन सीटं आणि त्यांच्या मागचं एक अशी निवडली. इथं हिसका कमी बसतो म्हणाले. बुकिंगवाल्याने सगळ्या सीटांचं भाडं सारखंच असल्याचं सांगितलं, तर व्याह्यांनी त्याला या सीटांवर बसलं की अर्ध्या गाडीला आपली पाठ दिसते म्हणून सूट मागितली. तो पोरगा इतका गोंधळला की त्याने खरोखर थोडी सूट दिली.

मग घरची तालीम. पुंडलिकनगरच्या त्यांच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या जात. मी खिडकीकडे, ते शेजारी, दोघांच्या मांडीवर बॅगा. खड्ड्यांचं खातं विहीणबाईंकडे होतं. त्या कामातून उठून येत, पदर खोचून माझी खुर्ची मागून गदागदा हलवत आणि पुन्हा कुकर बघायला जात. "बीडच्या पुढं जरा जोरात हालीव," असं व्याही टीव्हीवरची नजर न हटवता सांगत. नात्याने व्याही, त्यात मुलीची बाजू माझी. मी काय बोलणार? मी टोपी सावरत खड्डे खात असे. धपाट्यांचीही परीक्षा झाली. विहीणबाईंनी केलेली धपाटी फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी कशी लागतात ते बघायचं. बघायचं म्हणजे मी खायची आणि व्याह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण व्याह्यांचं म्हणणं पडलं की अंगाला खरी गाडी हवी. म्हणून दर रविवारी एसटीच्या लाल गाडीने वेरूळच्या रस्त्याला जायचं, प्रत्येक खेपेला थोडं पुढं. पहिल्या रविवारी माझ्या घरावरून दौलताबाद, पुढच्या रविवारी घाट चढून खुलताबाद, मग थेट वेरूळ. मी जीव वाचवायला युक्त्या काढल्या. पोट रिकामं असावं म्हणून रविवारचा उपवास धरला. वळणांवर डोळे गच्च मिटून ओठ हलवायचो आणि विचारलं तर नामस्मरण चाललंय म्हणून सांगायचो. परिणाम असा झाला की पुंडलिकनगरात माझी फार धार्मिक माणूस म्हणून ख्याती झाली आणि शेजारच्या एक बाई मला सत्यनारायणाला मुहूर्त विचारू लागल्या. उलटी मात्र झाली नाही. वेरूळला उतरून मी घृष्णेश्वराला मनापासून हात जोडले तेव्हा व्याही शेजारी उभे राहून समाधानाने म्हणाले, "जमतंय की, पाव्हणं." मला वाटलं, माझ्या भक्तीबद्दल बोलतायत.

निघायचा दिवस आला. दुपारच्या गाडीत मी खिडकीशी, ते माझ्या शेजारी, विहीणबाई मागच्या सीटवर. माझा बेत साधा होता, तोंडात काही घालायचं नाही. पण बीड सोडलं आणि मागून विहीणबाईंचा हात आला. हातात धपाटं, त्यावर शेंगदाण्याची चटणी. आज काय रविवार नाही, आज खा, असं त्या म्हणाल्या. मुलीच्या सासूने आपल्या हाताने दिलेला घास नको म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी खाल्लं. मांजरसुंब्याच्या घाटात, अजून चांगलं ऊन होतं तेव्हा, आयुष्यभर फळ्यावर काढलेली वळणं एकेक करून माझ्या पोटात शिरली. पुढचं वर्णन करत नाही. पिशवी घ्यायलाही वेळ मिळाला नाही. माझा सदरा, समोरची सीट, खालचं पायपुसणं, सगळ्यांना माझा भूगोल समजला.

मी मान वर करत नव्हतो. माझ्या कपाळावर एक हात होता, लहानपणी आई धरायची तसा घट्ट. त्या हाताच्या माणसाने दुसऱ्या हाताने बॅगेतून ओला टॉवेल, लिंबू, ओवा, राख भरलेली पिशवी, माझ्यासाठी स्वतःचा धुतलेला सदरा असं सगळं काढलं. एकही वस्तू शोधावी लागली नाही. तेवढ्यात क्लीनर तणतणत आला. "किसकू हुआ चचा? गाडी सगळी खराब कर दिये."

"मेरेकू हुआ, बाबा," व्याही शांतपणे म्हणाले. "मैं धोता. तू पानी दे."

आणि त्यांनी खरंच धुतलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, वाकून, अख्ख्या गाडीदेखत. मी उठायला लागलो तर विहीणबाईंनी मागून खांदा दाबून मला खाली बसवलं. ते परत येऊन बसले तेव्हा मी काहीतरी माफीचं बोलायला गेलो. ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "मला ठावं होतं, पाव्हणं. म्हणून तर येवढी तालीम केली. तुमी सांगत नव्हता, मग मी तरी कसं बोलू?"

सकाळी बंगळूरला जावई न्यायला आले. घरी पोचलो तर दारात मुलगी बाळाला घेऊन उभी. ती माझीच मुलगी, तिला माझं पोट पाठ आहे. तिने माझ्या अंगावरचा अनोळखी सदरा बघितला, चेहरा बघितला आणि काळजीने तिच्या तोंडून निघालंच, "बाबा, तुम्हाला फार त्रास झाला का हो?" मागे जावई, त्यांचे शेजारी, बारशासाठी आलेली दोन-चार माणसं. मी तोंड उघडायच्या आत व्याही पुढं झाले.

"त्यांना काय होतंय? मलाच लई गाडी लागली. रस्ताभर त्यांनीच सांभाळलं मला."

"व्हय," विहीणबाई बॅग खाली ठेवत म्हणाल्या, "लई लागली यांना."

मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे. मग तिने बाळ सासऱ्यांपुढं धरलं. त्यांचे हात उचललेही गेले होते. पण ते एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले की गाडी लागलेल्या माणसाने अंघोळीआधी लेकराला शिवू नये, आधी पाव्हण्यांकडे द्या. म्हणून आमच्या नातीला दोन्ही आजोबांत पहिल्यांदा मी घेतलं. ती माझ्या हातात होती आणि व्याही उंबऱ्याच्या बाहेर पायपुसण्यावर उभे राहून, टाचा उंचावून, तिचं तोंड बघायचा प्रयत्न करत होते.

आता आमच्या दोन्ही घरांत गाडी लागणारा माणूस म्हणून ते प्रसिद्ध आहेत. कुठं निघालं की सगळे त्यांची चौकशी करतात, भाचे-पुतणे चेष्टा करतात, आणि ते ओशाळल्यासारखं हसतात. मला रोज वाटतं की खरं सांगून टाकावं. पण ते माझ्याकडे असे बघतात की मी गप्प बसतो. मुलगी द्यायची होती तेव्हा मी मुलाचं शिक्षण पाहिलं, नोकरी पाहिली, जीपमागे धूळ खात जाऊन शेतसुद्धा पाहिलं. या माणसाकडे तेवढं नीट बघायचं राहून गेलं होतं.