सिस्टरच्या दोन सायकली

सिस्टरना बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची सवय होती. वाक्य अर्धवट सोडून त्या मान जराशी तिरकी करायच्या आणि ऐकत राहायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या बोलण्यात यांचं लक्ष नाही. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं. मग एका घरी चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेल्या. तिथली म्हातारी उशीवरून घसरली होती, मान वाकडी होऊन गळा आवळला गेला होता. तिला नीट निजवून त्या परत आल्या, कप उचलला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"घोरायची थांबली ना ती," त्या म्हणाल्या आणि गार चहा पिऊन टाकला.

आमची संस्था छोटी होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन सेवा करायची, एवढंच काम. त्या नर्स, मी फिजिओथेरपिस्ट. शहर तेव्हा औरंगाबाद म्हणूनच ओळखलं जाई आणि चारी अंगांनी वाढत होतं. काल ज्या रानात बाजरी उभी होती तिथे आज चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट दिसायचे, आणि वर्षभरात त्यांत घरं उभी राहायची. रस्ते मात्र मागून कधीतरी येणार असायचे. पाऊस सलग हुकत होता. हर्सूलचा तलाव तळापर्यंत भेगाळलेला. त्या वस्त्यांकडे रिक्षा येत नव्हती, बस येत नव्हती, टँकर मात्र दिवसभर धावत होते, आणि त्यांच्या कडेकडेने सिस्टरची सायकल.

सिस्टर देवगाव रंगारीच्या. गावातल्या बौद्ध वस्तीत सायकलवर शाळेला जाणारी पहिली मुलगी आपणच, हे त्या कधी स्वतःहून सांगत नसत, पण कुणी सांगितलं तर नाकारतही नसत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. स्वभाव तिखट. औषधाची वेळ चुकवणाऱ्या मुलाला त्याच्या बायकोदेखत झापायला त्या मागेपुढे पाहत नसत. मी त्यांना एकदा स्कूटी शिकायचा आग्रह केला.

"मॅडम, पन्नाशी उलटली माझी. आता नवी भीती कशाला घेऊ? जुनी हाय तेवढी पुरं."

ती जुनी भीती मी डोळ्यांनी पाहिली होती. हर्सूल नाक्यावर वळताना त्यांच्या साडीचा काठ चेनमध्ये गेला. चेनकव्हर कधीच फुटून पडलं होतं. मी मागून रिक्षात येत होते. सायकल जागच्या जागी अडकली, सिस्टर डाव्या अंगावर कोसळल्या, आणि समोरून टँकर. ब्रेकचा तो आवाज अजून कानात आहे. टँकरचं पुढचं चाक त्यांच्या पिशवीवर येऊन थांबलं. आतलं बीपीचं मशीन चेंदामेंदा झालं. सिस्टर उठून बसल्या, चेनमध्ये गुंतलेला काठ दोन्ही हातांनी फाडून काढला, आणि त्याच फाटक्या साडीने पेशंटकडे गेल्या. पण त्या दिवसापासून मागून टँकरचा हॉर्न वाजला की त्या सायकलवरून उतरायच्या. आपण घाबरून उतरलो नाही हे दाखवायला पदर सारखा करत बसायच्या.

पट्ट्याची सायकल आली ती त्यानंतर. आमच्या एका पेशंटबाईंचा मुलगा परदेशात होता. आईच्या शेवटच्या आठवड्यांत तो इथे होता आणि रोज सिस्टरच्या साडीवरचे वंगणाचे काळे डाग पाहत होता. परत गेल्यावर त्याने ती सायकल पाठवली. तिला चेन नव्हती. त्या जागी काळा, दातेरी, रबरासारखा पट्टा. तेल नको, गंज नाही, धूळ चिकटत नाही, साडी काळी होत नाही. पट्ट्याला वरून आणि बाहेरून झाकण होतं, त्यामुळे काठ अडकायचा प्रश्नच नाही. मला तर ती देवानेच पाठवल्यासारखी वाटली. सिस्टर तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "अन् तुटला तर?"

"तुटत नाही म्हणतात. चेनपेक्षा कितीतरी जास्त टिकतो."

"म्हणतात," त्या म्हणाल्या.

तिला घेऊन आम्ही शहागंजातल्या सायकलवाल्या चाचांकडे गेलो. सिस्टरची जुनी सायकल वर्षानुवर्षं तेच बघत. चाचांनी पट्टा बोटाने दाबून पाहिला, मागचं चाक उचलून फिरवलं, आणि खूश झाले. "मख्खन है सिस्टर, मख्खन! लेकिन एक बात. चेन की कडी टूटी तो मैं हथौडी से जोड देतूं. गाँव का लोहार भी जोड देता. इसको जोड नै. टूटा तो नवाच होना, और नवा मेरे कने नै, पुने में भी मिलता के नै मालूम नै. और ये पट्टा मोडना नै, मरोडना नै. अंदर के धागे टूटते."

सिस्टरनी ते सगळं ऐकून घेतलं आणि सायकल वापरायला लागल्या. जुनी माझ्याकडे आली. मी सलवार-कमीज घालत असे, मला कव्हर नसल्याचं काही वाटत नव्हतं.

सहा-आठ महिने सगळं सुरळीत चाललं. साड्या स्वच्छ राहिल्या. सगळ्यांत मोठा बदल म्हणजे हॉर्न वाजल्यावर त्यांचं उतरणं बंद झालं. पण त्या सायकलवर त्यांचा जीव काही बसला नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चेन कुरकुर करती. ढिली झाली की कटकट करती, वाळली की करकरती. तुटायच्या आधी सांगती ती. ह्याचं काय? ही मुकी हाय. मुक्या पेशंटपाशी जसं सारखं बघत बसावं लागतं, तसं हिच्याकडं बघावं लागतं." आणि खरंच, रोज निघण्यापूर्वी त्या खाली वाकून पट्ट्यावरून बोट फिरवत.

तो दिवस मे महिन्यातला. दुपारची वेळ. जळगाव रोडने आम्ही दोघी सावंगीकडे निघालो होतो. सिस्टर पुढे पट्ट्याच्या सायकलवर, मी मागे जुनीवर. फुलंब्रीपर्यंतचा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. एक बाजू खणलेली, दुसऱ्या बाजूला बारीक खडी पसरलेली. सिस्टरचा फोन वाजला. पलीकडे वर्षाताई होत्या, लासूर स्टेशनवरून निवृत्त झालेल्या आणि आता सावंगीकडे राहणाऱ्या आमच्या स्टेशनमास्तर पेशंटची सून. मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं होतं, श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेली, आणि तिच्या आत साफ करायला काढता येणारी दुसरी बारीक नळी. कोरड्या हवेत त्या नळीत कफ वाळून बसायचा. वर्षाताई ओरडून बोलत होत्या, मला दोन हातांवरून ऐकू येत होतं. लाइट गेली होती, कफ ओढायचं मशीन बंद. आतली नळी फिरत नव्हती, निघत नव्हती. बाबांचे ओठ निळे पडत होते.

"वर्षाताई, रडू नका. ऐका. नळीत सलाइनचे दोन थेंब सोडा. बाहेरच्या नळीला हात लावू नका. मी आलेच." मग मला म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सला फोन लावा." आणि निघाल्यासुद्धा.

ॲम्ब्युलन्स हर्सूलजवळ टँकरच्या रांगेमागे अडकली होती. ते सांगायला मी जोरात पेडल मारून त्यांना गाठत होते, तेवढ्यात पुढे 'टप्प' असा आवाज झाला. फार मोठा नाही. सिस्टरचे पाय हवेत फिरल्यासारखे गरगर फिरले आणि सायकल थांबली. झाकणाखालून खडीचा एक तुकडा पट्टा आणि चकतीच्या मध्ये गेला होता. पट्टा काठापासून फाटून लोंबत होता, आतले धागे बाहेर आले होते.

वर ऊन, रस्त्यावर सावलीचं एकही झाड नाही. मास्तरांचं घर अजून सावंगीच्या अलीकडच्या वळणापलीकडे. सिस्टर पट्ट्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी माझ्या सायकलकडे पाहिलं. तीच चेन, तेच उघडं चक्र.  

"द्या," त्या म्हणाल्या.

पिशवी त्यांनी खांद्याला आडवी अडकवली. भर रस्त्यात साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, कासोटा घट्ट मारला, उरलेला पदर कमरेला खोचला. पेडलवर पाय ठेवला आणि मागून टँकरचा हॉर्न वाजला. लांबलचक. त्यांची मान खांद्यांत गेली, हँडलवरची बोटं पांढरी झालेली मला दिसली. टँकर खडी उडवत त्यांना घासूनच गेला. सिस्टर उतरल्या नाहीत. धुरळा खाली बसला तेव्हा त्या बऱ्याच पुढे गेलेल्या होत्या.

मी ती पट्टा तुटलेली सायकल ढकलत निघाले. आयुष्यात इतका लांब रस्ता मी चालले नाही. वर्षाताईंना फोन लावत होते, त्या उचलत नव्हत्या. ॲम्ब्युलन्सचा आवाज येतोय का म्हणून मागे वळून पाहत होते. मनात नको ते येत होतं. वळणावर रस्त्यात एके ठिकाणी वंगणाचा डाग आणि धुळीत गुडघे टेकल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे त्या इथे पडल्या? की चेन पडली? रक्त नव्हतं. मी पळायला लागले.

घरासमोर जुनी सायकल आडवी टाकलेली. दार सताड उघडं. आतून पायाने दाबून कफ ओढायच्या पंपाचा फस्स-फस्स आवाज येत होता, सिस्टर तो पिशवीत ठेवत. मास्तर पलंगाला टेकून बसवलेले, चेहरा राखेसारखा. वर्षाताईंनी मोबाइलचा उजेड गळ्यावर धरला होता. सिस्टर एका पायाने पंप दाबत होत्या, हातांनी नळी सांभाळत होत्या. आतली नळी बाहेर ट्रेमध्ये पडली होती, वाळलेल्या कफाने बुजलेली.  मग सिस्टरनी पाय थांबवला आणि मान तिरकी केली. मीही श्वास धरला. मास्तरांच्या गळ्यातून सूंऽऽ असा एक लांब, मोकळा श्वास आत गेला. पुन्हा एक. ओठांवर हळूहळू रंग आला.

"आला," सिस्टर म्हणाल्या. तेवढंच.

हातमोजे काढले तेव्हा खाली त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळेकुट्ट होते. वाटेत चेन उतरली होती. त्यांनी गुडघे टेकून बोटांनी ती बसवली होती आणि तशाच हातांवर मोजे चढवले होते.  वर्षाताईंनी हंडा उचलला आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतायला पुढे झाल्या. सिस्टरनी हात झटकन मागे घेतले.

"नळाला पाणी कधी येणार तुमच्या?"

"परवा येईल बहुतेक."

"मग प्यायचं हाय ते. राहू द्या." आणि त्यांनी ते काळे हात आपल्या धुवट पांढऱ्या साडीला पुसले, पुढून, मागून, चांगले रगडून.

ॲम्ब्युलन्स नंतर आली. मास्तर तपासणीसाठी दवाखान्यात गेले, चार दिवसांनी घरी परतले, आणि पुढचा पावसाळा पाहून एका सकाळी शांतपणे गेले.

परतताना आम्ही दोघी सायकली ढकलत चालत आलो. मी म्हटलं, "शेवटी चेनच कामाला आली."

सिस्टर तडकल्या. "तुमचं काहीतरीच, मॅडम! चेन पडली नव्हती का? अजून दोन मिनिटं गेली असती तर? साडी अडकली असती तर मीच गेले असते." बरंच पुढे आल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "पट्टा वाईट नाय. खडीचा रस्ता त्याचा नाय. ते मला कळाया पायजे होतं."

त्या संध्याकाळी परदेशातल्या त्या मुलाने सहज फोन केला होता. सिस्टर त्याला म्हणाल्या, "साहेब, सायकल लई चांगली हाय. साडी वाचली, तेलाचा त्रास नाय. पण एक पट्टा अजून पाठवा, जादा. आमच्याकडं मिळत नाय. अन् पाठवताना घडी घालू नका त्याची." नवा पट्टा यायला बरेच दिवस लागले. तोवर त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा कापून घेतला आणि चाचांकडून जुन्या सायकलला चेनकव्हर ठोकवून घेतलं. मग वाटणीच झाली. सिडको, उस्मानपुरा, डांबरी रस्ते पट्ट्याच्या सायकलने. सावंगी, फुलंब्रीकडचं काम चेनच्या. जादा पट्टा ऑफिसात खिळ्यावर गोल टांगलेला असे, त्याला कुणी हात लावला आणि सिस्टरनी पाहिलं, की त्याची खैर नसे.

निवृत्तीनंतर त्या देवगावला भावाकडे गेल्या. पट्ट्याची सायकल आमच्याकडे ठेवली, चेनची घेऊन गेल्या. "तिकडं लोहार हाय," एवढंच कारण सांगितलं. निरोपाला त्यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. बसमध्ये चढून खिडकीतून म्हणाल्या, "पेशंटच्या घरात बोलत बसू नका जास्त. ऐका." तिकडेही त्या गप्प बसल्या नाहीत, आसपासच्या वस्त्यांवर बाळंतिणी, म्हातारी माणसं, लकव्याचे पेशंट, रोज फेरी चालूच होती.

दोन वर्षांनी पुन्हा पाऊस रुसला. त्या उन्हाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. फेरीहून आल्या, पाणी मागितलं, ओसरीवर टेकल्या आणि गेल्या. मिळेल त्या बसने मी देवगाव गाठलं. गावाला टँकर चार दिवसांआड येत होता आणि आदल्या दिवशी आलाच नव्हता. ओसरीत सिस्टर निजलेल्या होत्या. भावजय मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्संला आंघोळ घालायची, ताई. घरात अर्धी घागर हाय."

मी काही बोलणार तोच दारात एक बाई आली. कडेवर पोर, हातात तांब्या. तिने तो अंगणातल्या पातेल्यात ओतला आणि बाजूला उभी राहिली. मग दुसरी आली. मग काठी टेकत एक म्हातारा, त्याच्या नातवाच्या हातात कळशी. वरच्या आळीतून, खालच्या आळीतून, मुसलमान मोहल्ल्यातून, ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं सिस्टरच्या आधी बौद्ध वस्तीतलं कुणी उंबऱ्याच्या आत गेलं नव्हतं त्या घरांतूनही माणसं येत राहिली.  फक्त पाणी ओतल्याचा आवाज.

बायकांनी त्यांना आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं, त्रिशरण-पंचशील झालं. स्मशानातून आम्ही परत आलो तेव्हा उरलेल्या पाण्याने भरलेल्या दोन घागरी अंगणात तशाच होत्या. भावाने दारात उभं राहून हाक मारली, "पाणी उरलंय, ज्याचं त्यानं घेऊन जा." "सिस्टरला दिलेलं माघारी न्यायचं नसतं," काठी टेकत आलेला म्हातारा जाता जाता म्हणाला. उन्हं उतरेपर्यंत मी तिथे बसून होते. त्या घागरी न्यायला कुणीही आलं नाही.