काकूंच्या नावाची दुसरी बाई

तंद्रीकाकू बोलता बोलता निघून जायच्या. म्हणजे बसलेल्या असायच्या खुर्चीतच, हातात चहाचा कप, पण नजर खिडकीबाहेरच्या कडुनिंबात अडकलेली आणि वाक्य अर्ध्यावर सोडलेलं. चहावर साय धरायची. मग केव्हातरी त्या परत यायच्या, आणि येताना एखादा शब्द घेऊन यायच्या. "सापडला वं पोरी!" असं म्हणून तो लिहून ठेवायच्या आणि थंडगार चहा आनंदानं पिऊन टाकायच्या.

अमरावतीत गाडगेनगरच्या त्यांच्या गल्लीनंच त्यांना हे नाव दिलं होतं आणि त्यांना ते ठाऊकही होतं. दारात आलेल्या कुरियरवाल्याला "या, बसा" म्हणून त्या पाणी आणायला आत जायच्या आणि आतच हरवायच्या. तो बिचारा ओट्यावर वाट बघत राहायचा. अशा बाईला कोणीही सहज फसवेल, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटलं होतं.

मी अकोल्याची. एम.ए. झाल्यावर नोकरी मिळेना, तेव्हा घरी बसून भाषांतरं करायचं ठरवलं. इंटरनेटवर जिथे जिथे जागा दिसली तिथे माझा बायोडेटा टाकला आणि थोड्याच दिवसांत एका परदेशी कंपनीचा मेल आला. मोठं काम, वर्षभर पुरेल असं. करारावर सुंदर शिक्का. फक्त त्यांचं सॉफ्टवेअर घेण्यासाठी आधी थोडी अनामत भरायची होती, ती नंतर परत मिळणार होती, आणि होकार संध्याकाळपर्यंत हवा होता. मी तर हवेत होते. आईनं मात्र हट्ट धरला, "आधी अमरावतीच्या काकूंना दाखव." काकू आईच्या माहेरच्या गावच्या. शाळेत शिकवणं संपल्यावर त्या बरीच वर्षं भाषांतराचीच कामं करत होत्या. मी चिडतच गाडीत बसले.

काकूंनी तो मेल मोठ्यानं वाचला. एखादी कविता वाचावी तसा, सावकाश, थांबत थांबत. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "यानं तुयं नाव कुठं घेतलं?"

नाव नव्हतं. 'प्रिय भाषांतरकार' एवढंच होतं.

"आन् कोनत्या भाषेतून कोनत्या भाषेत, हेबी नाही. म्हंजे याले मराठी पाहिजे का तमिळ, ते यालेच मालूम नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "काम देनारा पैसे देते वं. मागत नाही."

मेलमधल्या दुव्यावर त्यांनी मला बोट ठेवू दिलं नाही. कंपनी आपण स्वतः शोधायची म्हणाल्या. शोधली, तर त्या नावाची कंपनी खरंच निघाली. पण तिचा मेलचा पत्ता वेगळा होता, आणि मेल आला होता तो भलत्याच ठिकाणाहून. काकूंनी तिथल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं सांगितलं, असं कुठलंही काम आमच्याकडे नाही, आमच्या नावानं कोणीतरी लोकांना फसवतंय, आम्हीही त्रासलोय.

मी रडायच्या बेतात होते. काकूंनी गरम सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, पुढे ठेवली. "रडू नको. काम खोटं होतं, पन तुले काम पाहिजे हे खरं हाय न? मंग ये शनिवारी."

असे माझे शनिवार सुरू झाले. त्या दुपारी आठवल्या की मला अजून वाळ्याच्या पडद्यांचा ओला वास येतो. कूलर घुमत असायचा, बाहेर रस्ता पांढरा पडलेला असायचा आणि आत आम्ही दोघी एकेका वाक्यापाशी रेंगाळायचो. काकू शिकवायच्या असं नाही. त्या सोबत असायच्या. पण मधेच, जणू स्वप्नातून, काहीतरी बोलायच्या. मला एकदा एका कंपनीकडून, काम देण्याआधीची चाचणी म्हणून, एका कादंबरीचं अख्खं प्रकरण आलं. काकूंकडे येणाऱ्या दुसऱ्या एका मुलीलाही त्याच ठिकाणाहून चाचणी आली. काकूंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ बघत राहिल्या आणि हसायलाच लागल्या. "अवं, तुयी बाई जिथं दार उघडते, तिथं हिची बाई आत येते!" एकाच कादंबरीची लागोपाठची प्रकरणं वेगवेगळ्या मुलींना चाचणी म्हणून वाटायची आणि फुकटात अख्खं पुस्तक करून घ्यायचं, असा तो डाव होता. तेव्हापासून आम्ही एका पानापेक्षा जास्त चाचणी दिली नाही.

आणि तरीही एक दिवस कोणीतरी काकूंनाच गाठलं.

मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. काकू संगणकासमोर बसल्या होत्या, पण ती नेहमीची तंद्री नव्हती. चेहरा उतरलेला. परदेशातल्या एका कंपनीतल्या बाईनं त्यांना मेल पाठवला होता. तुम्ही केलेलं भाषांतर लाजिरवाणं आहे, आम्ही त्याचा मोबदला देणार नाही आणि इतर कंपन्यांनाही तुमच्याबद्दल सावध करणार आहोत, असं त्यात होतं.

"तुम्ही यांचं काम केलं होतं?" मी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "मले तं आठवत नाही. पन... केलं असन का वं मी? तंद्रीत?"

आयुष्यभर ज्या नावाला त्या हसत आल्या, त्याचीच त्यांना भीती वाटत होती. स्वतःच्याच डोक्यावरचा विश्वास असा हातातून निसटताना मी पहिल्यांदा पाहिला. मी त्यांचा हात धरला. गार होता.

मग मी तो मेल खालपर्यंत वाचला. आधीचा सगळा पत्रव्यवहार त्याच्याखाली होता. काकूंचंच नाव, काकूंचाच बायोडेटा, शाळेतली वर्षं, सगळं. फक्त मेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. काकूंनी कधीकाळी सगळीकडे पाठवलेला बायोडेटा कोणीतरी उचलला होता, त्यातला पत्ता बदलला होता आणि काकू बनून काम मिळवलं होतं. कंपनीच्या बाईनं रागावून शोध घेतला तेव्हा तिला काकूंचा खरा पत्ता सापडला आणि तिनं त्यावरही तोच मेल धाडला.

"काकू, हे तुम्ही नाही. ही दुसरीच कोणीतरी आहे."

काकूंनी डोळे मिटून घेतले. "म्हंजे मी शुद्धीवर हावो," म्हणाल्या. मग हळूच, "पाहू तं खरं, मी काय लिवलं ते."

कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर होता. काकूंनी फोन केला, त्या बाईला व्हिडिओवर यायला सांगितलं, स्वतःचा चेहरा दाखवला, ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं, पण पाठवलं मात्र नाही. ती बाई आधी संशयानं बोलत होती. मग तिनं माफी मागितली आणि ते भाषांतर पाठवलं.

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांसाठी ते संमतिपत्र होतं. यंत्रातून काढलेलं आणि न वाचताच पाठवलेलं. चाचणीतून तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता, इंग्रजीत 'विथड्रॉ', असं जिथे हवं होतं तिथे लिहिलं होतं, 'आपण कधीही रक्कम काढू शकता.' चाचणीतल्या गटाला इंग्रजीत 'आर्म' म्हणतात, तर दुसऱ्या गटाच्या जागी, 'तुम्हाला अभ्यासाच्या दुसऱ्या हातात टाकण्यात येईल.' आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण काकूंचं हसू मधेच थांबलं.

"तुये काका नागपूरच्या दवाखान्यात होते न, तवा बाकड्यावर बायका असेच कागद घेऊन बसायच्या. मले म्हनायच्या, बाई, वाचून सांगा न, इथं अंगठा देऊ का नको?" त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "मी तिथूनच हे काम सुरू केलं वं."

त्यांनी ते संमतिपत्र पहिल्या ओळीपासून नव्यानं करायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "कशाला काकू? चूक तुमची नाही."

"नाव तं मायं हाय न त्याच्यावर."

मी त्यांना त्या वेळी पाहिलं तितकं सुंदर कधीच पाहिलं नाही. एकेक वाक्य त्या मोठ्यानं म्हणायच्या, जणू समोर बाकड्यावर कोणी बसलंय आणि तिला कळलं की नाही ते बघायचंय. काम झाल्यावर कंपनीला पाठवलं. कंपनीनं जुनं रद्द करून तेच घेतलं आणि मोबदला विचारला. मला वाटलं काकू नको म्हणतील. "काहून नको? काम केलं हाय!" असं म्हणून त्यांनी रीतसर बिल पाठवलं. तो खोटा पत्ता बंद झाला. ती दुसरी बाई कोण होती ते मात्र कधीच कळलं नाही. त्यानंतर आम्ही दोघींनी आपापले बायोडेटा सगळीकडून काढून घेतले. जन्मतारीख, घरचा पत्ता, सही, सगळं गाळून छोटासा नवा केला. बाकीचं, काम पक्कं झाल्यावर.

काकूंना त्या दुसऱ्या बाईचा राग यायला हवा होता. पण एकदा आम्ही अकोल्याला माझ्या घरी निघालो होतो, मूर्तिजापूर मागे पडलं होतं, बाहेर तूर पिवळी फुलली होती, आणि काकू काचेला कपाळ टेकवून म्हणाल्या, "कुठं असन वं ती? काय जेवत असन? तिच्याबी खिडकीत झाड असन का?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "काही दिवस ती मी होती. मले काही तिचं वाईट चिंतवत नाही." तुरीची शेतं बराच वेळ सोबत येत राहिली.

पुढे डोळ्यांनी साथ दिली नाही, तेव्हा काकू चांदूर बाजारला लेकीकडे राहायला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी त्या संमतिपत्राच्या कंपनीतल्या बाईला फोन करून माझी गाठ घालून दिली. मला आंबिया बहराच्या दिवसांत त्यांच्याकडे जायला आवडायचं. संत्र्याच्या पांढऱ्या फुलांचा वास इतका दाट असायचा की बोलणंही हळू व्हायचं. काकू झाडाखाली खाटेवर बसून विचारायच्या, "या खेपेले कोनता शब्द अडला?" मी सांगायची. त्या निघून जायच्या. मी वाट बघायची.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी, त्याच खाटेवर, त्या झोपेतच गेल्या. लेकीचा मेसेज आला तेव्हा मी आधी नंबर तपासला. मग तिला फोन केला. तिच्या रडण्यावरून कळलं.

कंपनीच्या बाईला मी दोन ओळींचा मेल लिहिला. थोड्याच वेळात तिचा फोन आला. ती म्हणाली, "माफ कर, पण त्यांच्या नावानं आलेल्या कुठल्याही बातमीची मी आता खात्री करून घेते. हे कोणी खोटंच लिहिलेलं नाही ना?"

तिच्या आवाजात आशा होती. सकाळपासून माझ्याही मनात तीच होती.

"नाही," मी म्हटलं. "मीच लिहिलंय. खरं आहे."

मग बराच वेळ दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.