नवी लेन्स आणि भाचीचं लग्न

माझी नवी लेन्स निर्दोष आहे. भाचीच्या लग्नात जे झालं त्यात तिची काडीचीही चूक नाही, हे मी आटपाडीपासून वडूजपर्यंत एकूण एक पाहुण्याला सांगून दमलो. पण ऐकतोय कोण!

मुठीत मावणारी, पेरूएवढ्या वजनाची लेन्स. जवळचं-लांबचं सगळं हिच्या एकटीत! आली त्या दिवशी सांगलीत आमच्या गच्चीवरून मी चौथ्या गल्लीतल्या दोरीवरचे चिमटे मोजले. त्याच भरात वडूजला आक्काला फोन लावला, "फोटोग्राफर सांगू नकोस. रूपालीच्या लग्नाचे फोटो मी काढणार!"

मांडवात लेन्स बघून आक्काने नाक मुरडलं.

"एवढुशी? हिच्यात काय मावायचं रं?"

(एवढुशी म्हणे! भिंग काय किलोवर घेतात?)

"आक्का, शेवटच्या खुर्चीवरून नथीतला मोतीसुद्धा टिपते ही!"

"मोती ऱ्हाऊ दे. हार घालताना पोरीचं तोंड तेवढं घे. तिच्या भावाला बॉर्डरवरनं रजा न्हाई मिळाली. फोटोकडं डोळं लावून बसलाय."

मी शेवटच्या खुर्चीवर चढलो. भटजींनी माइकवर पुकारलं, "मुलीच्या मामांनी नवरीच्या मागे उभं राहावं!"

मीसुद्धा लेन्स फिरवून मामाला शोधू लागलो.

"आरं, मामा तूच न्हवं का!" आक्का कडाडली.

आता कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा? नवीकोरी लेन्स? छे! तसाच डोळ्याला लावून नवरीच्या मागे उभा राहिलो. हार पडेपर्यंत मामाने जागा सोडायची नसते; मी सोडली नाही. फोटो मात्र धडाधड काढले. रूपालीचा अंबाडा, अंबाड्यावरचा गजरा, गजऱ्यातली पिन. सगळं लख्ख!

"तोंड कुठाय?" आक्काने विचारलं.

"पुढच्या बाजूला."

"तरी म्हनत हुते, भिंग लय बारकं हाय!"

अरे, नवरीच्या डोक्यातून आरपार बघायला ती काय एक्स-रे आहे? संताप आला मला!

शेवटी व्याह्यांच्या मोबाइलमध्ये हार घालतानाचा एक फोटो सापडला. रूपाली समोरून, छान हसताना. आक्काने तो लगेच भाच्याला पाठवला आणि पाच मिनिटांत त्याचा मला फोन.

"मामा, रूपी लय झ्याक दिसतीया! पर तुमी लग्नाला गेला न्हाई व्हय? तुमच्या जागंवर त्यो फोटोवाला कोन हुबा केलाय?"