घंटीवाल्या मॅडम

आमच्या जीवरसायनशास्त्राच्या मॅडमच्या पर्समध्ये सायकलची घंटी असायची. वर्ध्यातल्या आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त वेळापत्रकावर होतं; बाकी सगळ्यांसाठी त्या घंटीवाल्या मॅडम.

ग्रोथ फॅक्टर शिकवताना त्या घंटी बाहेर काढायच्या. "हे माझं बोट म्हणजे ग्रोथ फॅक्टर, वाढीचा निरोप आणणारं प्रथिन. घंटी म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर, तो निरोप झेलणारा. तुम्ही सगळे पेशी. वाजली की उभं राहायचं आन् आपल्या बाकावर आणखी एकाले बसवून घ्यायचं." मग त्या घंटी वाजवायच्या थांबायच्याच नाहीत. बाक भरायचे, मुलं घसरून खाली पडायची. "हासून राह्यले? हाच कॅन्सर आहे बाप्पा. निरोप चांगलाच असते, पण घंटी थांबत नाई."

"पुस्तकातलं नको, घरी सांगतेस तसं सांग," हे त्यांचं नेहमीचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. उत्तर येत असूनही माझं तोंड उघडत नसे.

त्याच वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली. गाठीच्या पेशींवर वाढीच्या प्रथिनाचे रिसेप्टर जास्त आहेत, असं डॉक्टर म्हणाले. आईनं 'प्रथिन' तेवढं धरलं आणि डाळ, दूध, अंडी सगळं सोडलं. वजन इतकं उतरलं की औषधाचा पुढचा डोस लांबणीवर पडायची वेळ आली.

मॅडमना कळलं तशा त्या सिंदी मेघेला आमच्या घरी आल्या.

"वरण काऊन सोडलं, ताई?"

"गाठीले खाऊ घालू काय मी?" आई म्हणाली.

मॅडमनी घंटी माझ्या हातात दिली. "माह्याकडे नको पाहू. सांग तुह्या आईले."

मी घंटी आईपुढे धरली. "आई, डाळीचं प्रथिन पोटात गेलं की तुटते, मंग त्यातून अंगाले ताकद येते. ते घंटी वाजवत नाई. वाजवणारं निराळं, ते शरीरच बनवते. वाजव आता."

आईनं घंटी वाजवली. मग मी खटक्यावर मूठ आवळली. तिनं पुन्हा बोट लावून पाहिलं. आवाज आला नाही.

"हे तुह्यं औषध," मी म्हणाले. " पण ते झेलाले अंगात जोर पाह्यजे."

आईनं माझ्या मुठीवर बोट टेकवलं. "कॉलेजात हे शिकवते होय? आण मंग वरण, उभी काऊन आहेस?"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदा हात वर केला.

आईचे सगळे डोस वेळेवर झाले. शेवटच्या तपासणीत गाठीचा मागमूसही राहिला नव्हता.

यंदा मॅडम निवृत्त होऊन कारंज्याला, आपल्या गावी गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला आई आली होती, आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात. मॅडमनी भाषण केलं नाही. त्यांनी घंटी आईच्या हातात दिली. आईनं ती एकदाच वाजवली आणि बोट काढून घेतलं.

अख्खा हॉल उभा राहिला.