कंपायलरला कळतं

शेजारच्या टेबलावर केतकी सकाळपासून स्क्रीनवरच्या प्रोग्रॅममधल्या एकेका नावावर माउस नेऊन थांबते आहे. थांबलं की छोटी चौकट उघडते आणि त्या नावात आकडा आहे की मजकूर, ते कळतं. परक्या स्वयंपाकघरात चहा करताना प्रत्येक डब्याचं झाकण काढून बघावं, तसं चाललंय तिचं. प्रोग्रॅम आमच्याच ऑफिसातल्या निखिलचा. कुठल्या नावात आकडा, कुठल्यात मजकूर, हा प्रकार कुठेच लिहायचा नाही, ही त्याची ऐट. मी विचारलं तर म्हणाला, "कशाला लिहायचं? कंपायलरला आपोआप कळतं."

कळतं ना, प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या त्या कंपायलरला. पण बिघाड झाला की दुरुस्तीला कंपायलर बसत नाही, केतकी बसते. आपल्यानंतर हे कुणी माणूस वाचेल, हे निखिलच्या मनातही आलं नाही.

आता तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलाय आणि विचारतोय, "अजून झालं नाही?"