माझ्या फाइलमध्ये बसलेला पास्कल

आधी हातातले कप खाली ठेवा, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारच्या जोशीकाकूंच्या नाकातून चहा आला होता. आणि हो, मला वेंधळी म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर शेवटी, मनातल्या मनात म्हणा.

तर मी एकतीस वर्षं एका खाजगी कंपनीत टायपिस्ट होते. साधीसुधी नाही हां! साहेब मजकूर सांगताना खोकले, तर त्या खोकल्यानंतर स्वल्पविराम द्यायचा की पूर्णविराम, हे मला कळायचं. त्यामुळे रिटायर होऊन मीरा रोडच्या पूनम सागरला राहायला आल्यावर मी पहिलं काय केलं, तर तिथल्याच चेतनभाईंच्या दुकानातून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. त्यातलं टायपिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं की त्यालाही पेन्शन लागू व्हायला हरकत नव्हती. मुलगी म्हणाली, "आई, नवीन घे ना!" मी म्हटलं, "ऑफिसात हेच होतं, हाताचं वळण जातं." झालं.

आता दादा. दादा म्हणजे ह्यांचे सर्वांत मोठे भाऊ. ह्यांचे वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी कॉलेज सोडून नोकरी धरली आणि चार भावंडांना वाढवलं. त्या दादांचं सहस्रचंद्रदर्शन! येत्या रविवारी सोहळा, आणि त्यात त्यांच्या आयुष्यावरची एक छोटी पुस्तिका वाटायची. लिहिणार कोण? अर्थात मी. भाईंदरचा प्रेसवाला मला आधीच दम देऊन बसला होता, "मॅडम, शुक्रवारी सहापर्यंत फाइल आली तर रविवारी पुस्तक. नाहीतर नाय."

शुक्रवारी सकाळी मी बसले टाइप करायला. पहिल्या चार ओळी झाल्या, 'दादा' या नावाने सेव्ह केल्या, आणि पडदा गोठला. माऊस हलेना, काही होईना. मी कसंबसं ते बंद केलं आणि पुन्हा उघडलं. तर समोर इंग्रजीत एक चौकट आली. ही फाइल लॉक आहे, तिच्यात सध्या काम करणारी व्यक्ती : पास्कल.

त्याखाली आणखी दोन-तीन ओळी होत्या. वाचतंय कोण? मी ओके दाबलं आणि सात पानं धाडधाड टाइप केली. दुपारी साडेबाराला सेव्ह करायला गेले, तर होईना! पुन्हा चौकट. ही फाइल तुम्हाला फक्त वाचता येईल म्हणे. ऐकलंत? माझं लिहिलेलं, आणि मलाच म्हणे फक्त वाचा!

"अहो!" मी ओरडले. "आपल्या फाइलमध्ये पास्कल बसलाय!"

हे वरण-भात टाकून आले. "कुठे बसलाय?"

"फाइलमध्ये!"

ह्यांनी कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघितलं. खरंच बघितलं. मग म्हणाले, "दिसत तर नाही कोणी."

मी चेतनभाईंना फोन लावला. "चेतनभाई, ये पास्कल कौन है?"

"पास्कल अंकल? अरे भाभी, आपका कॉम्प्युटर उन्हींका तो था! उत्तन में रहते हैं, चर्च के पीछे. ऑफिस में क्लार्क थे. बहुत सीधे आदमी हैं."

"सीधे? वो मेरी फाइल में घुसके बैठे हैं!"

"भाभी, एक बार बंद करके चालू करो ना."

बंद करू? सेव्ह न झालेली सात पानं उडाली म्हणजे? मी फोन ठेवला. माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं. काही घरमालक फ्लॅट विकतात, पण दुसरी किल्ली गुपचूप आपल्याकडे ठेवतात की नाही? या पास्कलने तेच केलं होतं. आणि आता उत्तनला बसून, पाय हलवत, आमच्या दादांचं खाजगी आयुष्य वाचत होता. त्यांच्या मोडलेल्या पहिल्या लग्नाचासुद्धा एक परिच्छेद होता हो त्यात!

पास्कलचा फोन नंबर चेतनभाईंकडेही नव्हता. मी साडी बदलली. ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि बजावलं, "कुणालाही हात लावू द्यायचा नाही. तुम्ही स्वतःही लावायचा नाही."

"आणि लाइट गेली तर?"

"अभद्र बोलू नका!"

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. राई गेलं, मोरवा गेलं, मी आपली मनातल्या मनात भाषण घोळवतेय. 'मिस्टर पास्कल, सभ्य माणसं दार वाजवतात.' हे वाक्य मला फारच आवडलं होतं.

उत्तनला उतरले, तर चर्चजवळ आठ-नऊ बायका बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घालत होत्या. मी सरळ त्यांच्याकडे गेले. "पास्कल कुठे राहतात? ते ऑफिसात क्लार्क होते ते?"

त्यांच्यातली एक दणकट बाई पुढे आली. मार्था तिचं नाव. "काय काम हाय?"

"माझी फाइल अडकवून ठेवलीय त्यांनी!"

मार्थाने हातातले बोंबील खाली ठेवले. "फाइल? पास्कलनी?" मग मागे वळून ओरडली, "ऐकला काय गो? तरी मी बोलत होते! आपली पन दिव्याची फाइल यानीच दाबून ठेवली असंल!"

म्हणजे मी एकटी नव्हे तर! कोणा दिव्या नावाच्या पोरीलाही या माणसाने सोडलं नव्हतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दिवस? दोन वर्सं! दोन वर्सं आमी दिव्याची वाट बगतोय."

"अरे देवा! घरी आलीच नाही?"

"घरात हाय वो. रस्त्यावर न्हाय."

बरोबरच आहे, मी मनात म्हटलं. धक्का बसला असेल पोरीला. बाहेरच पडत नसेल. "आणि तुम्ही पोलिसात नाही गेलात?"

"दिव्यासाटी पोलिसात?" मार्था बुचकळ्यात पडली.

"मग काय! अशा वेळी गप्प बसायचं नसतं. चला माझ्याबरोबर!"

काय सांगू, माझ्या अंगात काय संचारलं होतं! पुढे मी, मागे मार्था आणि तिच्यामागे आठ बायका. गल्लीतून मोर्चाच निघाला. वाटेत कोणी विचारलं की मार्था मोठ्याने सांगायची, "पास्कलनी फाइल दाबली! मुंबईची बाय आली पकडायला!"

पास्कल ओट्यावर बसले होते. सत्तरीचे, अंगात बनियन, पुढ्यात सूप, आणि लसूण सोलत होते. गुन्हेगार लसूण सोलतो हे मी पहिल्यांदाच बघितलं.

माझं घोकलेलं वाक्य मी ऐनवेळी विसरले. तोंडातून निघालं, "पास्कल तुम्हीच ना? माझ्या फाइलमधून आधी बाहेर या!"

त्या गरीब माणसाने आपण कशात बसलोय ते खाली बघितलं.

"आनि दिव्याचा काय?" मार्था कडाडली.

पास्कल मुकाट्याने घरात गेले आणि एक कागद घेऊन आले. "ह्यो बग. दिव्याचा अर्ज मी तवाच दिला. पोच हाय, शिक्का हाय."

"तिचा अर्ज तुम्ही का दिलात?" मी कडक आवाजात विचारलं. "तिला स्वतःला नाही देता आला?"

"कोनाला?"

"दिव्याला!"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मार्थाने माझा दंड धरला, मला ओट्याच्या टोकाला नेलं आणि गल्लीतल्या एका खांबाकडे बोट दाखवलं. "बाय, तो खांब दिसतो? त्यावर दिवा न्हाय. त्या दिव्याची फाइल."

आता मात्र पास्कल माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागले. आतून पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, "तुमची फाइल कुठची?"

मी सगळं सांगितलं. चेतनभाई, कॉम्प्युटर, गोठलेला पडदा, ती चौकट. पास्कल ऐकत गेले, आणि मग जे हसायला लागले! खोकला येईपर्यंत. सुपातली लसणाची सालं सगळ्या ओट्यावर उडाली.

"अवो बाय, ते सॉफ्टवेअर टाकलं तवा त्यानी नाव विचारलेलं. मी माझं दिलं. विकताना काडायचं राह्यलं. आता त्यावर जो बसंल तो पास्कल!"

"म्हणजे?"

"म्हनजे सकाळी तुमी जे बंद केलं ना, ते बंद झालंच न्हाय. पडद्यावरनं गेलं, पन आत चालूच हाय. तुमची फाइल धरून आत कोन बसलंय? तुमीच! नाव तेवडं माझं."

मार्थाने बाकीच्यांना थोडक्यात सांगितलं, "हीच पास्कल हाय गो."



पास्कल म्हणाले, "घरी कोन हाय? फोन लावा." मी ह्यांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. नऊ बायका फोनवर वाकल्या.

"साहेब, वर 'फाइल' लिवलंय, तिथं दाबा," पास्कल म्हणाले.

"ही म्हणाली हात लावू नका," हे.

"लावा आता!" मी.

"त्यात 'सेव्ह ॲज' दिसतंय? दाबा. फाइलला दुसरं नाव द्यायचं, की झालं. त्या चौकटीत लिवलेलं असतं तसं. वाचलं न्हाय तुमी?"

तिकडे ह्यांनी चुकून 'सेव्ह' दाबलं असणार, कारण ती चौकट परत आली. आणि ह्यांनी ती सावकाश, स्पष्ट आवाजात, नऊ बायकांना वाचून दाखवली. ही फाइल फक्त वाचता येईल. बदल ठेवायचे असल्यास वेगळ्या नावाने सेव्ह करा.

एकतीस वर्षं टायपिस्ट! मी लसणाकडे बघत उभी राहिले.

"काय नाव देऊ?" ह्यांनी विचारलं. "'दादा' तर आधीच आहे."

"दिवा ठेवा," मार्था म्हणाली.

पण आता माझी गेलेली इज्जत थोडी तरी परत मिळवायची होती. आमच्या ऑफिसात शेवटच्या, पक्क्या मसुद्यावर एकच शब्द लिहिण्याची पद्धत होती. मी रुबाबात म्हटलं, "लिहा, दादा अंतिम."

दोन सेकंद गेले. "झालं गं!" ह्यांचा आवाज आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत, मला भरून आलं. मी ह्यांना म्हटलं, "आता प्रेसला ईमेल करा, आणि घरच्या सगळ्यांनाही त्याच ईमेलमध्ये घ्या. दादांनाही. सगळ्यांनी एकदा नजर टाकली की बरं."

मार्थाने बोंबील दिले, पास्कलने लसूण. अर्ध्या रस्त्यात, मोरव्याला, फोन वाजला. पुण्याच्या वन्सं. रडत होत्या.

"सुलभा, कधी झालं गं?"

फाइल बघून भरून आलं असणार, मला वाटलं. "आत्ताच हो वन्सं, साडेचारला."

"फार त्रास झाला का?"

"विचारू नका! सकाळपासून अडकलं होतं. शेवटी उत्तनचा एक भला माणूस भेटला, त्याने दोन सेकंदांत मोकळं केलं."

वन्संनी हंबरडा फोडला. "आणि... आणि आता पुढचं?"

"रविवारी. हॉल घेतलाय ना! जेवण पण सांगितलंय, श्रीखंड-पुरी."

वन्सं कशाबशा म्हणाल्या, "अगं, श्रीखंड? आणि रविवारपर्यंत... ठेवणार कुठे त्यांना?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली! त्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल कोणाच्याच मोबाइलवर उघडली नव्हती. उघडलीच तर नुसते चौकोन. ईमेलमध्ये ह्यांनी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. बावीस नातेवाइकांना दिसलं होतं ते फक्त नाव. दादा अंतिम.

व्हॉट्सॲपचा ग्रुप उघडला, तर हात जोडलेल्यांची रांग लागलेली. नाशिकच्या पुतण्याने गाडी काढली होती. माझ्या धाकट्या जावेने तर दादांचा फोटो टाकला होता, हार घालून!

मी घाईघाईने दादांचा नंबर शोधतेय, तोच त्यांचाच फोन आला.

"सुलभा," दादा शांतपणे म्हणाले, "तुझी ती फाइल काही माझ्याकडे उघडत नाही. पण पुण्याहून, नाशिकहून सगळे निघालेत म्हणे. एवढंच सांग, आंघोळ माझी मी करून ठेवू, की तुम्ही येऊन घालणार आहात?"